पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल वस्तीत बोलायचं कसं, आणि कळलं तर कुठं कळवायचं : सोलापूरकरांसाठी सविस्तर

या विषयाचं आपल्याकडं असं आहे की एरवी सगळे गप्प, आणि पेपरात काही भयंकर आलं की चार दिवस मोर्चा, मेणबत्त्या, फाशी द्या, परत गप्प. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेचं प्रकरण झालं तेव्हा सात रस्त्यापासून विडी घरकुलापर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला तेच होतं, पण त्याच आठवड्यात तुमच्या गल्लीतल्या एखाद्या पोरीनं आईला काही सांगितलं असतं तर आईला पुढं काय करायचं हे माहीत होतं का? बहुतेक वेळा नसतंच. आणि तिथंच सगळं बिघडतं, कारण मग मोठी माणसं बसतात, समाजातले पंच बसतात आणि "पोरीचं नाव खराब होईल" म्हणून मिटवून टाकतात.

तर हा लेख भाषणासाठी नाही. वस्तीत पाच-सहा जणांनी मिळून हे काम सुरू करायचं असेल तर कुठनं सुरुवात करायची आणि खरंच एखादी केस समोर आली तर त्या दिवशी काय करायचं, एवढंच लिहितोय.

पहिलं काम : आधी स्वतः नीट समजून घ्या

कायदा म्हणजे पोक्सो. मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू, २०१९ मध्ये शिक्षा आणखी कडक केल्या. १८ वर्षांखालचं कुणीही यात 'मूल' धरलं जातं, मुलगा असो मुलगी असो. हे मुलाचं लई जणांना माहीत नसतं. केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच निघाले. तरी आपण मीटिंग घेतो ती फक्त मुलींच्या आयांची.

दुसरं, हात लावला तरच गुन्हा असं नाही. घाणेरडे फोटो-व्हिडिओ दाखवणं, पाठलाग करणं, त्या हेतूनं मुलाला स्वतःचं अंग दाखवणं किंवा त्याला दाखवायला लावणं, सगळं पोक्सोत येतं. कपड्यावरनं हात लावला म्हणजे गुन्हा होत नाही असा एक निकाल मध्ये आला होता, तो सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला. हेतू बघायचा, कपडा नाही.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कळवणं बंधनकारक आहे. कलम १९. असा गुन्हा झालाय हे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना सांगायचंच. नाही सांगितलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि शाळा, वसतिगृह अशा संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं दाबलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलानं स्वतः सांगितलं नाही म्हणून त्याला शिक्षा नाही. चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढं सिद्ध झालं नाही तर तुमच्यावर केस होत नाही, हेही कायद्यातच आहे. ही ओळ मीटिंगमध्ये दोनदा सांगा, कारण "उगाच आपल्या अंगावर यायचं" ही भीती सगळ्यात मोठी असते.

टीम कशी करायची

मोठी समिती, अध्यक्ष, उपाध्यक्ष, बॅनरवर फोटो असलं काही नको. पाच-सात जण पुरेत. अंगणवाडी ताई आणि आशा ताई हव्यातच, घराघरात जाणं त्यांचंच असतं. एक रिटायर्ड शिक्षक किंवा शिक्षिका, बचत गटातली एखादी खमकी बाई, मंडळातला एक समंजस पोरगा. आणि सोलापुरात भाषेचं बघावंच लागतं. पूर्व भागात घरात तेलुगू चालतं, अक्कलकोटकडच्या लोकांचं कन्नड, कुठं उर्दू. आजीला शरीराबद्दलची गोष्ट शुद्ध पुस्तकी मराठीत सांगितली तर ती मान हलवेल आणि घरी जाऊन विसरेल. तिच्या भाषेत बोलणारी अक्का टीममध्ये असू दे.

एक नियम पहिल्याच दिवशी करून टाका, आपल्या टीममधलं कुणीही कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसणार नाही. कायम दोघं, दार उघडं. वाईट वाटून घ्यायचं नाही. पोरांमध्ये मिसळायचं लायसन मिळतंय म्हणून समाजसेवेत शिरणारी माणसं असतात, ती आपल्याकडनंच आत यायला नकोत.

सरकारी पातळीवर गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष. शहरात वॉर्ड पातळीवर तशीच समिती असायला पाहिजे. कागदावर लई ठिकाणी असते, बैठक कधी झाली विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात. तुम्ही जाऊन विचारा, लेखी विचारा. वेगळं दुकान काढण्यापेक्षा तीच समिती जागी करता आली तर उत्तम, तिचं पत्र असलं की शाळा पण दार उघडते.

आधी मोठ्यांची मीटिंग, पोरांची नंतर

बरेच जण थेट शाळेत जाऊन 'गुड टच बॅड टच' घेतात आणि निघून जातात. मला हे पटत नाही. पोरगं शिकून घरी गेलं, आईला सांगितलं की काका असं करतो, आणि आईनं थोबाडीत दिली तर? ते पोरगं परत आयुष्यात तोंड उघडणार नाही. म्हणून ऐकणारा आधी तयार करायचा आणि बोलणारा नंतर.

वेळ लोकांच्या सोयीची घ्या. विडी करणाऱ्या बायका सकाळी कारखान्यात माल द्यायला, पान-तंबाखू आणायला जातात, मग दुपारी दारात सूप घेऊन बसतात. त्यांना संध्याकाळी हॉलमध्ये बोलवू नका, दुपारी त्यांच्याच दारात चौघीजणी असतात तिथं जाऊन बसा, हात चालू राहतात आणि गप्पा पण. खरं तर मान खाली आणि हातात काम असलं की हा विषय जास्त मोकळा निघतो. यंत्रमागावर, टॉवेल कारखान्यात जाणाऱ्या बापांना पाळी बघून गाठा, आणि बापांना गाठाच, त्यांना सोडून देऊ नका. बापांच्या मीटिंगला पुरुषानंच बोलावं, पहिल्यांदा चेष्टा होईल, हसतील, होऊ द्या, दहा मिनिटांत गप्प होतात.

मीटिंगमध्ये काय सांगायचं? पहिलं म्हणजे 'अनोळखी माणूस चॉकलेट देतो' ही गोष्ट बाजूला ठेवा. पोक्सोखाली बलात्काराच्या ज्या केसेस नोंद होतात त्यात आरोपी ओळखीतलाच असल्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या वर आहे. नातेवाईक, शेजारी, ट्यूशनवाला, रिक्षावाला, कुणीतरी 'आपला'. तो एकदम काही करत नाही. आधी घरच्यांचा विश्वास मिळवतो, अडचणीत पैसे देतो, मग त्याच पोराला वेगळं खाऊ, वेगळा मोबाईल, मग 'हे आपल्या दोघांतलं, कुणाला सांगू नको'. मग चेष्टेत हात लावून बघतो की पोरगं काय करतंय, आणि शेवटी भीती, 'सांगितलंस तर तुझ्या आईला मारीन' नाहीतर 'तुलाच मार बसेल'. हा क्रम आयांना सांगितला की त्या स्वतःच दोन-चार उदाहरणं काढतात. तिथं नाव घेऊन चर्चा करू देऊ नका, "ताई आपण नंतर वेगळं बोलू" म्हणून थांबवा आणि नंतर नक्की बोला.

खुणा पण सांगा. नीट झोपणारं पोरगं अचानक दचकून उठतंय, अंथरूण परत ओलं व्हायलंय, एखाद्याच्या घरी जायला जिवावर येतंय, लघवीच्या जागी दुखतंय, वयाला न शोभणारं काहीतरी बोलतंय, शाळा नको म्हणतंय, किंवा घरच्यांनी न दिलेल्या वस्तू नि पैसे त्याच्याकडं दिसायलेत. पण एका खुणेवरनं निष्कर्ष काढायचा नाही हेही सांगा, नाहीतर सगळी वस्ती एकमेकांवर संशय घेत बसेल. खूण दिसली की पोराशी निवांत बोलायचं, बस. आणि काहीच खुणा नाहीत म्हणजे काही झालं नाही असंही नसतं.

एक सवय आजपासून मोडा म्हणावं. पाहुणे आले की "जा काकांना पापी दे", पोरगं नको म्हणतंय तरी ओढून मांडीवर. त्याच्या 'नको'ला घरातच किंमत नसेल तर बाहेर तो नको कसं म्हणणार?

पोरांशी बोलताना

शाळेत घ्यायचं तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि वर्गशिक्षकांना वर्गात बसवा. महाराष्ट्रात शाळांमध्ये सखी सावित्री समिती असायला पाहिजे, २०२२ चा शासन निर्णय आहे. समितीत कोण आहे, तक्रार पेटी कुठं आहे आणि ती कोण उघडतं हे त्याच भेटीत विचारून घ्या. पेटी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर शिपायाच्या डोळ्यासमोर असेल तर त्यात कोण चिठ्ठी टाकणार हो?

लहान पोरांना शरीराच्या भागांची सरळ नावं शिकवा. घरात जो शब्द असेल तो असू दे, फक्त बाहेरच्या माणसाला कळेल असा हवा. 'शेम शेम' म्हणून शिकवलं की पोरगं पुढं नेमकं काय झालं ते सांगूच शकत नाही. चड्डी-बनियनच्या आतला भाग आपला, तिथं कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःच्या तसल्या भागाला हात लाव असं कुणी आपल्याला सांगायचं नाही. आई आंघोळ घालताना, डॉक्टर आई समोर असताना तपासताना, तेवढंच चालतं. 'वाईट स्पर्श' म्हणजे दुखणाराच असं मात्र सांगू नका. कधी दुखत नाही, कधी गुदगुल्या म्हणून सुरू होतं, मग पोरगं गोंधळतं की हे वाईट होतं का चांगलं.

गुपिताचं तर नीट सांगा. वाढदिवसाचं गुपित चार दिवसांनी सगळ्यांना कळणारच असतं, ते चालतं. कधीच कुणाला सांगू नको असं मोठं माणूस म्हणालं की ते गुपित ठेवायचं नाही. मग प्रत्येकाला हाताच्या पाच बोटांवर पाच माणसं मोजायला लावा ज्यांना सांगता येईल, त्यातली किमान दोन घराबाहेरची. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला, तिसऱ्याला, कुणीतरी ऐकेपर्यंत. '१०९८' हा नंबर पाठ करून घ्या, मुलांसाठीची फुकट हेल्पलाईन आहे, चोवीस तास.

आणि शेवटी हे न विसरता : ओरडता आलं नाही, पळता आलं नाही, आधी खाऊ घेतला होता, लई दिवसांनी सांगितलं, तरी चूक तुझी नाही. वर्गात कुणावर तरी हे वाक्य लागू होत असतं.

आठवी-नववीच्या पोरांचं वेगळं घ्या. तिथं मोबाईल, इन्स्टा, फोटो पाठव नाहीतर स्क्रीनशॉट व्हायरल करतो, हे सगळं येतं. धमकी आली की पैसे किंवा आणखी फोटो पाठवायचे नाहीत, चॅट डिलीट करायचं नाही, मोठ्या माणसाला दाखवायचं, आणि सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करता येते, मुलांच्या बाबतीत नाव न देता सुद्धा. दोन गोष्टी त्यांना स्पष्ट सांगा. १८ च्या आत 'तिची संमती होती' हे कायद्यात चालत नाही. आणि लहान मुलांचे तसले व्हिडिओ फॉरवर्ड करणंच काय, मोबाईलमध्ये साठवून ठेवणं पण गुन्हा ठरू शकतो, सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केलंय. ग्रुपवर "बघा कसा नराधम" म्हणून व्हिडिओ टाकणाऱ्या मोठ्यांना पण हे लागू आहे बरं का.

बालविवाहाचा विषय इथंच काढा. जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमध्ये पोरीला एकटं कुठं ठेवायचं म्हणून लवकर उजवतात. कारण समजतं, पण लग्न लावलं म्हणून पोक्सो सुटत नाही. १८ च्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलंय. गावात ग्रामसेवकाला किंवा १०९८ ला आधी कळवलं तर लग्न थांबतं.

मुलानं सांगितलं, आता काय?

इथं घाई करू नका. पहिली दहा मिनिटं सगळं ठरवतात.

चेहरा शांत ठेवा. रडारड, किंचाळणं, "हे बघ मी त्याला आत्ता जाऊन तोडतो" असलं नको, पोरगं घाबरून "नाही नाही, मी खोटं बोललो" म्हणतं. त्याला म्हणा, "बरं झालं सांगितलंस. माझा विश्वास आहे. तुझी काही चूक नाही. आता आपण मदत घेऊ." एवढं बास. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे. खोदून विचारू नका, "त्यानं असं केलं का, तसं केलं का" असे शब्द तोंडात घालू नका. तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून वहीत लिहून ठेवा. सगळ्या नातेवाईकांसमोर परत परत वदवून घेणं तर अजिबात नाही. तुमचं काम चौकशी करणं नाही, कळवणं आहे. खरं-खोटं पोलीस आणि कोर्ट बघतील.

आरोपीला समोर बोलवून विचारू नका. तो पळतो, पुरावा पुसतो, धमकावतो. मारहाण केली तर उलटी केस तुमच्यावर.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते प्लॅस्टिकच्या नाही तर कागदी पिशवीत ठेवा, आणि सरळ सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात न्या. पोलीस कागद आणा मग बघू असं दवाखाना म्हणू शकत नाही, एफआयआर नसली तरी तपासणी होते. प्रायव्हेट दवाखान्यालाही प्राथमिक उपचार फुकट द्यावे लागतात. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, आई किंवा पोरीच्या विश्वासाचं माणूस सोबत. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पण लवकर. पुरावा साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतो. म्हणून 'उद्या बघू' नको. पण महिना, वर्ष उलटून गेलं असेल तरी तक्रार होते, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

तक्रार

तातडीचं असेल तर ११२. नाहीतर १०९८ किंवा जवळचं पोलीस ठाणे. शहर आयुक्तालयाच्या हद्दीतलं शहर पोलिसांकडं आणि बाहेरचं सगळं ग्रामीण पोलिसांकडं, त्यामुळं कडेला राहणाऱ्यांना, कुंभारीकडच्या घरकुलातल्या लोकांना वगैरे, "हे आमच्या हद्दीत येत नाही" ऐकावं लागू शकतं. तेव्हा 'झिरो एफआयआर' एवढे दोन शब्द म्हणा. कुठल्याही ठाण्यात नोंद करून ती योग्य ठाण्याला पाठवायची असते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलंय. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका, आणि सही करायच्या आधी वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा.

नोंदच घेत नसतील तर लेखी तक्रार पोलीस आयुक्त किंवा ग्रामीणसाठी पोलीस अधीक्षकांकडं रजिस्टर पोस्टानं पाठवा, पोच ठेवा. अशा गुन्ह्यात नोंद न घेणारा अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो.

मुलाला ठाण्यात नेऊन बसवायची गरज नसते. जबाब घरी किंवा मूल म्हणेल तिथं, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यात, आई-वडील किंवा विश्वासाचं माणूस सोबत. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाला तेलुगू किंवा कन्नडच नीट येत असेल तर दुभाषी मागा, हक्क आहे. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष कोर्टाला कळवायचं असतं, ते झालं का हे तुम्ही दुसऱ्या दिवशी विचारा.

आरोपी घरातलाच असेल तर या बाल कल्याण समितीचं काम फार महत्त्वाचं होतं. मूल त्या घरात सुरक्षित आहे का, दुसरीकडं ठेवायचं का, हे ती तीन दिवसांत ठरवते. समितीकडं सपोर्ट पर्सन मागा, म्हणजे केस संपेपर्यंत मुलाच्या आणि घरच्यांच्या सोबत राहणारं माणूस. बऱ्याच घरांना हे कुणी सांगतच नाही.

नंतरचे महिने

खरा कस इथं लागतो. पहिल्या आठवड्यात सगळे सोबत असतात, मग निरोप यायला लागतात, "पैसे घ्या, मिटवा", "पोरीच्या लग्नाला अडचण येईल", कधी घरमालकच खोली खाली करा म्हणतो. टीमनं यात एवढं करावं : घरच्यांना एकटं सोडायचं नाही, तारखेला कोर्टात एकजण सोबत, आईचा विडीचा रोज बुडाला तर शिधा कुणाकडनं येईल ते आधीच बघून ठेवायचं. धमकी आली तर तीही लेखी पोलिसांत. मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते, त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, फुकट वकील पण तिथंच मागता येतो. विशेष कोर्ट मुलाला आरोपीसमोर उभं करत नाही, सारखं सारखं बोलवायचं नसतं, आणि कायद्यानं केस शक्यतो वर्षात संपवायची असते. प्रत्यक्षात वेळ लागू शकतो, हे घरच्यांना आधीच खरं सांगा म्हणजे मध्येच सुटत नाहीत.

मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, बापाचं नाव, काहीही ग्रुपवर नको. कलम २३ खाली ओळख उघड करणाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. 'न्याय द्या' म्हणून बॅनर लावणारी मंडळं इथंच घसरतात. बॅनरच्या पैशातनं त्या पोराला समुपदेशकाकडं नेणारी रिक्षा लावा.

जागृती एकदाच करून भागत नाही. जूनमध्ये शाळा उघडताना पालकांची मीटिंग, गणपतीत मंडळाच्या मांडवात दहा मिनिटं, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेआधी पोरांना हरवलं तर काय करायचं ते आणि त्याच ओघात हेही. समाज मंदिर, तालीम, रेशन दुकान, विडी कारखान्याच्या भिंतीवर ११२, १०९८ आणि जवळच्या ठाण्याचा नंबर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत रंगवून टाका, छापील पोस्टर पावसात टिकत नाही. आणि ठाण्याचा नंबर दर सहा महिन्यांनी स्वतः लावून बघा, बदललेला असला की त्याच दिवशी ब्रश घेऊन दुरुस्त करा.